फुली तिथं स्टूल

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. मी बार्शीच्या बाजारात तीस वर्षं शेतमालाचा लिलाव पुकारला. माझा आवाज चढला की कुर्डुवाडीच्या फलाटावरचे हमाल गाडी आली म्हणून उठून उभे राहायचे. असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. तेव्हा या लिखाणात जिथं मोजमाप येईल तिथं तुम्ही आपल्या मनानं निम्मं करून घ्या आणि पुढं चला. फक्त एका आंब्याच्या झाडाशी पोचलो की कापाकापी थांबवा. तिथून घरी परतेपर्यंतचं जसंच्या तसं आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर मी समुद्र बघायला चाललोय, असं गावात सांगून निघालो. खरं कारण माझं बोट धरून चाललं होतं. मनू, माझी नात, वय सात. घरात ही पोरगी अशी बोलते की रेडिओनं लाजून बंद पडावं. मी एखादी गोष्ट जरा फुगवली की ही टाचणी घेऊन हजर. "आजोबा, खोटं! बैल दोनच होते." पण उंबरा ओलांडला की संपलं. शाळेत दोन वर्षांत तिनं एक शब्द काढलेला नव्हता. हजेरीला हात वर करायची, तोही अर्धा. लेखीला पैकीच्या पैकी, तोंडीला भोपळा. शेवटी शाळेनं माझ्या मुलाला बोलावून सांगितलं की जूनमध्ये तिसरीत ही वर्गात बोलणार नसेल, तर तिला 'तसल्या मुलांच्या' शाळेत घाला. सूनबाई त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, सुट्टीत पोरीला समुद्राचा वारा लागू द्या, घसा मोकळा होईल. घशाचा आणि वाऱ्याचा काय संबंध हे मला कुणी विचारलं नाही. मला कुणी काही विचारायच्या आतच माझं उत्तर देऊन झालेलं असतं.

मांडवा

बार्शी ते मुंबई हा प्रवास वगळतो. त्यात बस होती आणि बसमध्ये माणसं होती, एवढं पुरे. गेटवेला लाँचमध्ये चढलो आणि चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा समुद्रावर पाय ठेवला. माझी धाकटी बहीण सुमन चौलला दिलेली, तिच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण दर दिवाळीला तीच यायची. मी आपला जायचं जायचं म्हणत राहिलो.

आमच्याकडं पाणी म्हणजे टँकरमागं पळायची वस्तू. इथं चहूकडं पाणी, आणि एकाही माणसाच्या हातात घागर नाही! हे बघून मी थक्क झालो. पाणी काठाला येऊन आपटतंय, परत जातंय, कुणी रांगेत उभं नाही, कुणी कुणाचा नंबर मारत नाही. मी आपसूक हात जोडले. लाँच हलली तेव्हा एक लाट आली. आमच्या भगवंताच्या देवळाचा कळस बुडावा एवढी. मनूनं माझा कान खाली ओढला आणि कुजबुजली, "आजोबा, पायरीएवढी होती."

शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर आंब्यांची पेटी. त्यांनी मनूला विचारलं, "नाव काय गो तुझं?"

"मनस्वी," मी म्हणालो. "दुसरी झाली. गणित फार चांगलं. जरा लाजाळू आहे."

"गोड हाय पोर," बाई म्हणाल्या आणि पेटीतला एक आंबा तिला दिला.

"थँक यू म्हणते ती," मी म्हणालो.

मनू आंब्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आता दिसतं. तेव्हा मी मांडव्याचा धक्का जवळ येताना बघत होतो.

चौल

चौलला दुपारी बारा वाजतासुद्धा संध्याकाळ असते. नारळ इतके दाट की ऊन खाली उतरायला वाट शोधतं. नारळांच्या मांडीला मांडी लावून पोफळी, पोफळींच्या अंगावर मिऱ्याचे वेल, आणि मधून पाटाचं पाणी झुळझुळतंय. सुमनच्या वाडीत मी अर्धा तास नुसता वर बघत फिरलो आणि दोनदा पाटात पडलो. सुमनचे मालक, आमचे भाऊजी, म्हणाले, "नाना, इथं खाली बघून चालायचं, वरनं पडायचं असंल ते पडंल."

जेवणाचं काय सांगू! आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, थापली की मैलभर ऐकू जावी. इथं तांदळाची, पांढरीशुभ्र, इतकी मऊ की घडी घालून खिशात ठेवावी. ओल्या काजूची उसळ, सोलकढी, आणि मंगळवारी दुपारी कर्लीचं कालवण. कर्ली हा मासा नव्हे. ते मांस लावलेलं काट्यांचं कुंपण आहे.

सुमननं ताट ठेवताना बजावलं, "दादा, हिच्यात काटे फार. बोलत खाऊ नकोस."

मला! बोलत खाऊ नकोस!

मी त्या वेळी भाऊजींना एका सांडाची गोष्ट सांगत होतो. तो सांड बाजारात शिरून माझा पुकारा ऐकून जागीच बसला होता. ऐन रंगात आलो आणि घशात काहीतरी रुतलं. भाताचा गोळा गिळला, केळं गिळलं, सुमननं पाठीवर धपाटे घातले. काटा जागचा हलेना. आणि काय आश्चर्य, आवाजच फुटेना! बार्शीचा भोंगा बंद. भाऊजींनी स्कूटर काढली, पुढं ते, मागं मी, मधे मनू, आणि आम्ही सरकारी आरोग्य केंद्र गाठलं. कुठल्या गावचं ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही सगळे पोरं घेऊन तिथं रांग लावाल आणि तिथल्या सिस्टर माझ्या नावानं बोटं मोडतील.

काटा

आम्हाला दारात सोडून भाऊजी स्कूटर सावलीत लावायला गेले. आत कुंदा सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात. मी आ वासून उभा. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि वाकून मनूला विचारलं, "काय खाल्लंन गो बाबांनी?"

आता बघा. सात वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मनूला प्रश्न विचारला गेला आणि माझ्याकडून उत्तर गेलं नाही. जाणार कसं? मी नुसता घसा धरून डोळे फिरवत होतो. मनू ताठ झाली. हात अंगाला चिकटले, पापणी हलेना. इतर कुणी असतं तर म्हणालं असतं, "अगं बोल की, मुकी आहेस का?" सिस्टर गप्प राहिल्या. नुसत्या थांबल्या. माझा जीव चाललाय आणि ही बाई थांबलीय! मग त्या एवढंच म्हणाल्या, "बरं," आणि टेबलावरचा खडू मनूच्या हातात दिला. "सांगायलाच पाहिजे असं काय न्हाय."

मनूनं खाली बसून फरशीवर एक मासा काढला. लांबडा. त्याला काटे काढले, आणखी काढले, काढतच राहिली.

"कर्ली!" आतल्या दारातून डोकावत डॉक्टर मॅडम ओरडल्या. नांदेडकडची तरुण पोर, पण हात असा स्थिर की सुईत दोरा पहिल्या खेपेला. विजेरी, चिमटा, आणि काटा बाहेर. वीतभर होता, खोटं सांगत नाही. मनूनं माझा कान ओढला. "नखाएवढा."

सिस्टर हे बघत होत्या. ती माझ्या कानात बोलली हे त्यांनी बघितलं, आणि ओठ हलताना त्यांच्याकडं पाठ केली हेही.

"नाव काय बायचं?" त्यांनी मनूकडं बघून विचारलं.

"मनस्वी," मी. आवाज परत आला होता आणि मी तो लगेच वापरायला काढला. "दुसरी झाली, गणित फार..."

"नाना," सिस्टर म्हणाल्या, "तो माठ दिसतोय? भरून आणा."

मला वाटलं कोकणात पेशंटनं पाणी भरायची रीत असेल. रीतच होती, पण वेगळी. त्या केंद्रात पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या माणसानं दिलं की त्यानं व्हरांड्यातला माठ अंगणातल्या नळावरून भरायचा. सरपंच असो, मास्तर असो, पोराची आई असो. तिथला माठ भर मे महिन्यात काठोकाठ असतो. मी त्या दिवसांत एवढ्या घागरी ओतल्या की रेवदंड्याच्या खाडीची पातळी दोन बोटं उतरली.

पाणी भरताना भाऊजींनी मला कारण सांगितलं. काही वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं, वाड्या झोपल्या, घरांची कौलं उडाली. त्यानंतर महिनोन्महिने पोरं पोटदुखी घेऊन यायची. गोळी द्या, परत यायची. कुंदा सिस्टरांच्या लक्षात आलं की पोट दुखतं ते वारा सुटला की. पण आया सांगायच्या, बाहेरचं खातो म्हणून दुखतं. पोरांना कुणी बोलूच देत नव्हतं. तेव्हापासून तो माठ.

मी उभ्या उभ्या त्या माठाला नमस्कार केला. बार्शीत आम्ही पोराला डॉक्टरकडं नेतो तेव्हा बाप बोलतो, आजी बोलते, रिक्षावालासुद्धा बोलतो. पोराचं काम फक्त जीभ बाहेर काढायचं.

फुली

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला दुपारची गर्दी ओसरल्यावर बोलावलं. मनूचे कान बघितले, तिच्या पाठीमागं चाव्यांचा जुडगा हळूच हलवून बघितला, घसा बघितला. चित्रं काढायला दिली, कोडी घातली. मग मला म्हणाल्या, "कान उत्तम, घसा उत्तम. डोकं तुमच्यापेक्षा पुढं आहे. ती हट्टानं गप्प नाही, नाना. तिला बोलायचं असतं. परक्या माणसासमोर भीतीनं घसा मिटतो, काल तुमचा काट्यानं मिटला तसा."

मी शाळेचं सांगितलं, जूनचं सांगितलं, सूनबाईचं सांगितलं. पहिल्यांदाच काही न वाढवता.

"तुम्ही इथं दहाएक दिवस आहात. बोलती करून देते असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अलिबागला मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी मी सकाळी फोनवर बोलले. वाट आहे. हळू आहे."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी उभ्या जन्मात कुठल्या डॉक्टरला करताना बघितलेलं नाही. त्या खाली उकिडव्या बसल्या आणि मनूला म्हणाल्या, "तुला कुणी बोलायला लावणार नाही. ती मलमपट्टीची खोली दुपारी रिकामी असते. तू आणि आजोबा तिथं बसा, दार लावून घ्या, घरी बोलता तसं बोला. कुंदा सिस्टर बाहेर बसतील. किती लांब, ते तू ठरवायचं. खडूनं फुली मार. फुली तिथं स्टूल. तुझ्या परवानगीशिवाय स्टूल हलणार नाही."

मनूनं खडू घेतला. खोलीतनं बाहेर गेली, व्हरांड्याच्या पार टोकाला वजनकाट्याजवळ फुली मारली आणि धावत आत आली.

कुंदा सिस्टरनी स्टूल उचललं, तिथं ठेवलं, पिशवीतून पांढऱ्या कांद्याची जुडी काढली आणि वेणी घालतात तशी कांद्याच्या पातीची माळ विणायला बसल्या. अलिबागचा पांढरा कांदा! आमच्या सोलापुरी कांद्यानं डोळ्यांतून पाणी येतं, हा कांदा फळासारखा खातात म्हणे. सिस्टरच्या घरचं शेत. सकाळपासून शंभर पेशंट काढलेली बाई आपल्या जेवणाच्या सुट्टीत एका परक्या गावच्या पोरीसाठी वजनकाट्याजवळ कांदे विणत बसली. आत मी मनूला सांगत होतो की कर्लीनं मला गिळता गिळता सोडलं. मनू खिदळत होती, "खोटं! खोटं!"

गुरुवारी फुली बंद दारापर्यंत सरकली. शुक्रवारी मनूनं दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत पहिल्याच फरशीवर फुली मारली. सिस्टर आल्या, बसल्या, मान खाली, हातात माळ. मी गोष्ट चालू ठेवली. आवाज माझाच, पण मला तो परका वाटत होता. मी म्हणालो, "तर तो सांड, सोळा फूट उंच..." आणि मनू भिंतीकडं तोंड करून, पण चांगलं ऐकू येईल असं म्हणाली, "खोटं. सांड एवढा नसतो."

सिस्टर तीन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं. मला राहवेल का? मी उडालोच. "बोलली! सिस्टर, ऐकलंत का, बोलली! मॅडम, या, या, बोलली!"

तीस वर्षांचा पुकारा होता तो. पोटदुखीवाले आले, खोकलेवाले आले, हाताला प्लास्टर घातलेला एक जण आला. दारात ही गर्दी झाली. सगळे मनूकडं बघत होते.

सिस्टर उठल्या. त्यांनी स्टूल उचललं आणि माणसांना हळूहळू मागं सारलं. मनूचे हात अंगाला चिकटलेले होते. त्या दिवशी ती घरीसुद्धा माझ्याशी बोलली नाही.

आंब्याचं झाड

इथून कापाकापी बंद.

शनिवारी मनूनं खडू घेतला आणि खोलीतनं निघाली. उंबरा ओलांडला, वजनकाटा ओलांडला, पायऱ्या उतरली, अंगणात गेली. अंगणाच्या टोकाला आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्यापाशी दगड आहे. त्या दगडावर तिनं फुली मारली. मी दारातून मोजलं. एकोणतीस पावलं.

मला वाटलं, संपलं. तीन दिवसांची मेहनत मी एका आरोळीत विकून टाकली. जून डोळ्यांसमोर आला.

कुंदा सिस्टर बाहेर आल्या. फुलीकडं बघितलं. एका हातात स्टूल, एका हातात कांद्याची पिशवी. भर दुपारी मे महिन्याच्या उन्हातून चालत गेल्या, दगडाशेजारी स्टूल ठेवलं आणि बसल्या. तोंडावर राग नाही, निराशा नाही, 'बघा काय केलंत' नाही. त्या वेणी घालू लागल्या, जणू त्यांचं स्टूल नेहमी तिथंच असतं.

मी पाण्याच्या निमित्तानं त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "सिस्टर, माझ्यामुळं झालं."

"व्हय, तुमच्यामुळंच," त्या म्हणाल्या. "पण नाना, फुली तिनं मारलीन ना? आज फुलीच मारली नसती तर मला घोर लागला असता."

एवढं बोलून त्यांनी कांद्याला पीळ दिला. मी परत खोलीत गेलो. त्या दिवशी मी गोष्ट सांगितली नाही. मनूही बोलली नाही. आम्ही दोघं खिडकीतून अर्धा तास त्या बाईला बघत बसलो. मी देवळं बघितली आहेत, चौलच्या टेकडीवरच्या दत्ताच्या पायऱ्या तीनदा थांबून चढून आलोय, समुद्र बघितलाय. पण त्या वेळी जसे हात जोडावेसे वाटले तसे कुठं वाटले नाहीत.

किहीम

रविवारी केंद्र बंद. भाऊजींनी आम्हाला किहीमला नेलं. ओहोटी होती. समुद्र इतका मागं गेला होता की तो तिथं होता यावर विश्वास बसेना. ओली वाळू आरशासारखी, तिच्यात आभाळ, आभाळात मनूची पावलं. भाऊजी शहाळी आणायला गेले. मी वाळूत बसलो आणि ठरवलं की गप्प बसायचं. पहिली पाच मिनिटं माझ्या दाढा दुखल्या. मग कानाला लहान आवाज ऐकू यायला लागले. वाळूतल्या भोकांतून बुडबुड्यांचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

मनू शेजारी येऊन बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाजारात ओरडता तसे ओरडलात."

मी वाळूत बोट खुपसलं.

"सगळे बघायला आले. मला वाटलं, मला विकताय."

तुम्ही म्हणाल, नाना, तू एवढा बोलका, तू काय म्हणालास? मी कान धरले. तिनं माझे हात कानांवरून काढले आणि एक खेकडा दाखवला, नखाएवढा, तिरपा पळणारा. मग लांबून पाणी परत यायला लागलं. कुणी बोलावलं नव्हतं. आपलं आपण, एकेक वीत.

पाचवी फरशी

सोमवारी फुली आंब्याखालून निघाली आणि पायऱ्यांवर आली. मंगळवारी उंबऱ्यात. बुधवारी तिसऱ्या फरशीवर. मी हळू आवाजात गोष्टी सांगत होतो, मनू हळू आवाजात खोडत होती, सिस्टर विणत होत्या. माझ्या खांद्यावरच्या टॉवेलचं एक टोक मी तोंडाजवळ धरून ठेवलं होतं, वेळ आली तर कोंबायला.

गुरुवारी, आमच्या निघायच्या आदल्या दिवशी, मनूनं पाचव्या फरशीवर फुली मारली. म्हणजे तिच्यापासून हातभर. सिस्टर बसल्या. मी गोष्ट सुरू करणार इतक्यात त्याच बोलू लागल्या. मनूकडं नाही, कांद्याकडं बघून.

"काल आमच्या अंगणात खेकडा आलता, नाना. काय सांगू. म्हशीएवढा! आमचा कुत्रा त्याला बघून पायखान्यात लपला. मी म्हटलं, बस बाबा, चहा ठेवते."

मी आ वासला. माझ्या धंद्यात ही बाई उतरली! आणि चेहरा असा, की पंचांगातली तिथी सांगतेय.

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. सिस्टरनी एक कांदा ओवला, दुसरा ओवला. मी आकडे मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा.

"खेकडा एवढा नसतो," मनू म्हणाली. फरशीकडं बघत, पण भिंतीकडं पाठ करून.

मी टॉवेल कोंबला. पार दाढेपर्यंत.

सिस्टरचे हात थांबले नाहीत. "असंल बाय," त्या म्हणाल्या. "अंधार पडलाता. चुकले असेन मी."

अकरा, बारा, तेरा.

"ताटाएवढा असेल," मनू म्हणाली. हे मला नव्हे. हे तिनं सरळ कुंदा सिस्टरला सांगितलं.

"ताटाएवढा," सिस्टर म्हणाल्या. "व्हय. तेवढाच व्हता."

मग त्यांनी माळ पुरी केली, गाठ मारली, मनूच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या. जणू काहीच झालं नव्हतं, अशा बाहेर गेल्या. मी दारातून बघत होतो. त्यांनी घागर घेतली, नळाखाली धरली, व्हरांड्यात आणली आणि माठात ओतली. माठ भरलेला होता. पाणी चहूबाजूंनी वाहून पायऱ्यांवरून अंगणात गेलं, तरी त्या ओततच होत्या.

परत

मॅडमनी दोन पत्रं दिली. एक शाळेला, एक आमच्याकडच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. त्यात औषध एकही नव्हतं. खडू, स्टूल आणि थांबणं, एवढंच सविस्तर लिहिलं होतं. वर म्हणाल्या, "मागं जाईल, पुढं येईल. मोजत बसू नका. आणि नाना, घरी एक माठ ठेवा."

ठेवलाय. माझा मुलगा आणि सूनबाई आळीपाळीनं भरतात. माझं तर विचारूच नका, मी एवढ्या घागरी भरल्या की आमच्या गल्लीचा टँकर आटला.

शाळेतल्या बाईंना पत्र दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. मी काही समजावून सांगितलं नाही, मोठ्या कष्टानं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ती माझा राग करते." मग मुख्याध्यापकांकडं स्वतः पत्र घेऊन गेल्या. दुसऱ्या शाळेचं दिवाळीपर्यंत नाव काढायचं नाही, असं ठरलं. आता रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी आणि मनू तिसरीच्या रिकाम्या वर्गात बसतो. बाईंची खुर्ची फुलीवर असते. पहिल्या आठवड्यात फुली फाटकाबाहेर होती, पानाच्या टपरीपाशी. बाई तिथं वह्या तपासत बसायच्या. टपरीवाल्यानं त्यांना छत्री दिली होती.

काल फुली वर्गाच्या दारात आली. मी माझी गोष्ट काढली. चौलची, कर्लीची, डॉक्टर मॅडमच्या चिमट्याची. म्हटलं, काटा बाहेर आला तो चांगला हातभर, त्याच्यावर मी आता टॉवेल वाळत घालतो. आणि थांबलो. बाईंनी वहीवरून मान वर केली नाही. शहाण्या आहेत.

माझं मोजणं चौदापर्यंत गेलं.

पुढं काय ऐकू आलं ते मी सांगणार नाही. माझ्या तोंडून आलं तर तुम्ही निम्मं करून घ्याल. बार्शीला या, काटा केवढा होता ते मनूलाच विचारा. फक्त विचारून झालं की खाली बघा, हाताला काहीतरी काम द्या, आणि थांबा.